कार्बन क्रेडिटसाठी शेतात झाडं लावू का? बीडच्या एका शेतकऱ्याला उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न मला असा कळला. बीड जिल्ह्यात वडील आणि चुलते यांच्या सामाईक नावावर सहा एकर जमीन आहे. अडीच एकर काळी, विहिरीच्या पाण्याखालची. उरलेली साडेतीन एकर उताराची, मुरमाड, तिथे बाजरी कशीबशी येते. एक एजंट घरी येऊन गेला. महोगनी किंवा बांबू लावा, कार्बन क्रेडिटचे एकरी वर्षाला लाख रुपये येतील, योजना सरकारमान्य आहे, असं त्याने सांगितलं. नोंदणीचे एकरी तीन हजार आधी भरायचे, रोपं त्याच्याकडूनच घ्यायची आणि करार चाळीस वर्षांचा. दिवाळीनंतर तुम्ही जोडीने ऊसतोडीला जाता. सही करावी का, हे तुम्हाला विचारायचं आहे.

आत्ता सही करू नका. झाडं लावायचा विचार मात्र सोडू नका. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एजंटने त्या एकत्र बांधून तुमच्यापुढे ठेवल्या आहेत.

मी एकोणीस वर्षं शेतवनीकरणात आहे. त्यातली बरीच वर्षं कार्बन प्रकल्पांसाठी झाडं मोजण्यात गेली. इतक्या वर्षांत शेतकऱ्यांशी बोलताना एक गोष्ट सर्वांत अवघड गेली. आपण लाकूड किंवा फळ विकतो तेव्हा वस्तू देतो, पैसे घेतो, व्यवहार संपतो. कार्बन क्रेडिट विकताना आपण वचन विकत असतो. हे झाड इतकी वर्षं इथेच उभं राहील, हे ते वचन. घेणारा त्याच वचनाचे पैसे देतो. म्हणून खरा प्रश्न क्रेडिटला भाव किती हा नाही. वीस, तीस, चाळीस वर्षांचं वचन तुमचं घर, तुमची जमीन आणि तुमचं पाणी पेलू शकेल का, हा आहे.

आधी लाखाचा हिशेब करू. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेतून काढून साठवल्याचा दाखला. आता एक सागाचं झाड घ्या. मी जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीवर, टेप गुंडाळतो. उतार असेल तर वरच्या बाजूला उभं राहून मोजायचं, सुटलेली साल हाताने झाडून टाकायची आणि मोजलेल्या जागी गेरूचा पट्टा ओढायचा, म्हणजे पुढच्या खेपेला टेप तिथेच बसते. समजा घेर ६३ सेंटिमीटर भरला. म्हणजे खोडाचा व्यास २० सेंटिमीटर. उंची बारा मीटर धरली तर खोडाचं लाकूड ०.१७ घनमीटरच्या आसपास येतं, वाळलेलं वजन साधारण १०० किलो. फांद्या-पानांचे ४० किलो मिळवा, त्यावर मुळांसाठी पाव हिस्सा धरा, की पूर्ण झाड १७५ किलोचं होतं. वाळलेल्या वजनात कार्बन साधारण ४७ टक्के असतो, म्हणजे ८२ किलो. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड करायला ३.६७ ने गुणायचं. उत्तर ३०० किलो. एक टन भरायला अशी तीन-साडेतीन झाडं लागतात.

तुमच्या मुरमाडात सागाला हा घेर धरायला वीस वर्षं सहज लागतील. एकरी चारशे रोपं लावली, विरळणी आणि मरतूक जाऊन दीडशे चांगली झाडं उरली, तर वीस वर्षांत पंचेचाळीस टन होतात. म्हणजे वर्षाला सव्वादोन. त्यातून वजावटी होतात, त्या पुढे सांगतो. हातात दोन क्रेडिटही पूर्ण राहत नाहीत, तरी दोनच धरू. भाव बदलता असतो, हिशेबापुरते पंधरा डॉलर धरू आणि डॉलर पंच्याऐंशी रुपयांचा. एका क्रेडिटचे १,२७५ रुपये, दोनाचे २,५५०. त्यातला साठ टक्के वाटा तुमचा असेल तर एकरी वर्षाला दीड हजार रुपये. साडेतीन एकरांचे मिळून पाच हजारांच्या थोडे वर.

लाख रुपये यायचे तर याच भावाने, विक्रीचे सगळे पैसे तुम्हालाच मिळाले असं धरलं तरी, एकरी वर्षाला ७८ क्रेडिट लागतील. म्हणजे एका एकरात दर वर्षी शून्यापासून २६० झाडं ६३ सेंटिमीटर घेराची व्हायला हवीत, दुसऱ्या वर्षी आणखी २६०, तिसऱ्या वर्षी आणखी. शेती केलेल्या माणसाला यापुढे वेगळं सांगायला नको. काळ्या जमिनीत, पाण्यावर, जोमाने वाढणाऱ्या जातीला माझ्या आकड्याच्या दुप्पट-अडीचपट क्रेडिट मिळू शकतात, हे मान्य. पण अडीच एकर ओलिताची जमीन त्यासाठी देऊ नका, कांदा आणि गहू तुमचं घर चालवतात.

आता वजावटी. जागेवर आधीपासून असलेल्या झाडा-झुडपांचा कार्बन वजा होतो. तुमच्या बांधावरचे जुने कडुलिंब आणि बाभळी यात धरले जात नाहीत, कारण प्रकल्पामुळे जे नव्याने वाढलं त्याचेच पैसे मिळतात. "आमची तीस वर्षांची आमराई आहे, तिचे क्रेडिट द्या," असं मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. त्यांनी ती राखली याचा मला मनापासून आदर आहे, पण क्रेडिट मिळत नाही. मग बफर. वणवा, दुष्काळ किंवा तोड यामुळे झाडं गेली तर दिलेला दाखला खोटा ठरू नये, म्हणून प्रत्येक प्रकल्पाच्या क्रेडिटचा काही हिस्सा सामाईक राखीव खात्यात टाकतात. व्हेरा या क्रेडिटचे नियम ठरवणाऱ्या खासगी संस्थेच्या नियमात, धोका जास्त असेल तर हा हिस्सा वाढतो. शेवटी, तुम्ही झाडं तोडून विकणार असाल तर क्रेडिट पूर्ण वाढीवर मिळत नाहीत. लावणे-तोडणे-लावणे या चक्रात दीर्घकाळात सरासरी किती कार्बन उभा राहतो, तिथपर्यंतच मिळतात. निलगिरी-सुबाभूळ लावून दर चार-पाच वर्षांनी लगद्याला देणाऱ्यांचं गणित इथेच कोसळतं.

हे वचन किती अवघड आहे हे जगाला सुरुवातीपासून माहीत आहे. हवामान बदलावरच्या क्योटो कराराखाली स्वच्छ विकास यंत्रणा आली, तिच्यात हरियाणाच्या सिरसा जिल्ह्यात वाळूच्या टेकड्या सरकणाऱ्या जमिनींवर शेतकऱ्यांनी झाडं लावली. तो प्रकल्प २००९ मध्ये नोंदला गेला. त्याच वर्षी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यातला आयटीसीचा सामाजिक वनीकरण प्रकल्पही नोंदला गेला. पण त्या यंत्रणेत झाडांचे क्रेडिट तात्पुरते असायचे. मुदत संपली की घेणाऱ्याला त्यांच्या जागी दुसरे आणावे लागत. युरोपच्या कार्बन बाजाराने ते घेतलेच नाहीत. झाड उद्या तोडलं गेलं तर काय, या एका शंकेपायी. आजचे बफर, लांब मुदती, दर काही वर्षांनी मोजणी, हे सगळं त्याच शंकेला दिलेलं उत्तर आहे.

"सरकारमान्य" या शब्दाकडे नीट बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने ग्रीन क्रेडिटचे नियम आणले, त्याचं काम देहरादूनची भारतीय वानिकी संशोधन व शिक्षण परिषद बघते. नाव सारखं वाटलं तरी ते कार्बन क्रेडिट नव्हे. कार्बन क्रेडिट व्यापार योजना जून २०२३ ची, ती ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोकडे. आणि खेड्यापाड्यांत फिरणारे बहुतेक एजंट या दोन्हींतलं काही विकत नसतात. ते व्हेरा किंवा गोल्ड स्टँडर्डसारख्या खासगी मानकांखालच्या ऐच्छिक बाजाराचं, म्हणजे कायद्याची सक्ती नसताना स्वतःहून क्रेडिट घेणाऱ्यांच्या बाजाराचं, बोलत असतात. त्यात वाईट काही नाही, मीही त्याच बाजारात काम करतो. फक्त त्या बाजाराची रजिस्ट्री, म्हणजे प्रकल्पांची नोंदवही, सगळ्यांना उघडी असते. एजंटला प्रकल्पाचा क्रमांक विचारा आणि मोबाईलवर त्या मानकाच्या संकेतस्थळावर टाकून बघा. प्रकल्प नुसता यादीत आहे, तपासणीत आहे की नोंदलेला आहे, क्रेडिट निघाले आहेत का, हे दिसतं. क्रमांक द्यायला कुणी टाळाटाळ केली, तर पुढची चर्चा करण्यात अर्थ नाही.

सहा एकरांचा स्वतंत्र प्रकल्प होत नाही. तपासणीला आणि दर खेपेच्या पडताळणीला बाहेरचा ऑडिटर लागतो आणि तो खर्च लाखांत जातो. म्हणून हजारो एकर एकत्र बांधणारी संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनी मध्ये लागतेच. पण मग शेतकऱ्याकडून एकरी तीन हजार नोंदणी कशासाठी? मी ज्या चांगल्या प्रकल्पांत काम केलं, तिथे शेतकऱ्याने नोंदणीचा एक रुपया भरला नाही. उलट रोपं आणि खड्ड्यांसाठी मदत मिळाली, कारण पैसा पुढे क्रेडिटमधून वसूल होणार होता. जिथे कमाई नोंदणीतून आणि दोनशे-तीनशे रुपयांच्या रोपातून आधीच होऊन जाते, तिथे तुमचं झाड जगण्यात समोरच्याचा काही स्वार्थ उरत नाही. माझा पहिला चाळणीचा नियम हाच आहे: झाड मेलं तर माझ्याबरोबर यांचंही नुकसान होतं का?

वाट्याबद्दल. प्लॅन व्हिवो नावाच्या मानकात किमान साठ टक्के उत्पन्न सहभागी लोकांपर्यंत पोचवावं लागतं. एका डच सहकारी बँकेच्या एकॉर्न कार्यक्रमात विक्रीच्या ऐंशी टक्के शेतकऱ्याला जातात. हे आकडे डोक्यात ठेवून करार वाचा. "नफ्याच्या ७० टक्के" हे शब्द दिसले तर थांबा. नफा म्हणजे खर्च जाऊन उरलेलं, आणि खर्च किती लिहायचा ते त्यांच्या हातात. विक्रीच्या रकमेतला वाटा मागा. आणि पैसे कधी? झाड वाढल्यावर, मोजल्यावर, ऑडिटरने मान्य केल्यावर. चौथ्या-पाचव्या वर्षाच्या आत काही येईल अशी आशा धरू नका, त्यानंतरही दर वर्षी येईलच असं नाही.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. तुमचा सातबारा सामाईक आहे. एका गावात थोरल्या भावाने एकट्याने सही केली होती. बांधाला शंभरावर झाडं, सहाव्या वर्षी मांडीएवढी जाड झालेली. मग वाटण्या झाल्या, बांध धाकट्याच्या हिश्शात गेला, त्याच्या घरी त्याच वर्षी लग्न निघालं. मी मोजणीला गेलो तेव्हा माझ्या गेरूच्या पट्ट्यांसकट ओंडके बांधाला रचून ठेवलेले होते. धाकट्याचं काही चुकलं नव्हतं, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. दोघे भाऊ आजही एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून सांगतो, आधी चुलत्यांना बोलवा, चुलतभावांना बोलवा, शक्य असेल तर वाटणी आणि वारसनोंदी उरकून घ्या. नाहीतर सगळ्यांच्या संमतीच्या सह्या घ्या. जमीन विकली, तिच्यावर कर्ज काढलं, रस्त्यात गेली, खातेदार वारले, तर कराराचं काय होतं, हे मराठीत लिहून मागा. आणि दुष्काळात झाडं वाळली तर तुमच्याकडून वसुली होणार नाही, हेही स्पष्ट लिहिलेलं हवं.

दुसरी काळजी पाण्याची. दिवाळीनंतर तुम्ही कारखान्यावर असता आणि परत येईपर्यंत ऊन तापलेलं असतं. रोप जगतं किंवा मरतं ते लावलेल्या पहिल्या मार्च ते जून या काळात. मुरमाडावरच्या प्लॉटमध्ये मी जुलैत मोजलेली हजार रोपं पुढच्या जुलैत साडेतीनशे भरलेली पाहिली आहेत. तिथली माणसं आळशी नव्हती, घरी नव्हती. तुमच्या घरी मागे कोण असतं? म्हातारे आईवडील असतील, तर त्यांच्याकडून हंड्याने किती झाडांना पाणी जाईल, तितकीच झाडं लावा. वर्षाला ऐंशी लावली आणि सत्तर जगली, तर तीन वर्षांत दोनशे दहा होतात. एकदम बाराशे लावून त्यांचं सरपण होण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

जातींबद्दल थोडक्यात. महोगनी तुमच्या पावसात आणि उथळ मुरमात मी लावणार नाही. तिला खोल माती आणि जास्त ओल लागते. बांबू चांगलं पीक आहे. २०१७ च्या दुरुस्तीने शेतातला बांबू वन कायद्याच्या "झाड" या व्याख्येतून निघाला, त्यामुळे तोडीला-वाहतुकीला अडथळा नाही. पण त्याला पहिली काही वर्षं पाणी हवं, आणि कार्बनच्या बाजूने बघितलं तर बेट भरलं की साठा थांबतो. नवे कोंब येतात, तयार काठ्या तुम्ही काढता, जमाखर्च बरोबरीचा होतो. शिवाय काही जातींना अनेक वर्षांनी एकदम फुलोरा येतो आणि बेटंच्या बेटं वाळतात. चाळीस वर्षांच्या वचनात हा धोका धरावाच लागतो. सागाच्या तोडीला परवानगी लागते, म्हणून लावल्यावर त्याची नोंद सातबाऱ्यावर झालीच पाहिजे, ई-पीक पाहणीत ती करून घ्या.

तुमच्या जागी मी साडेतीन एकरांत सीताफळ धरेन. बालाघाटच्या डोंगररांगेतलं ते घरचं झाड आहे, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. बांधाला आणि समतल चरांच्या कडेला कडुलिंब आणि चिंच. सीताफळाचा कार्बन थोडा, पण पैसा चौथ्या-पाचव्या वर्षापासून. लिंब आणि चिंच सावकाश वाढतात, पण साठवलेला कार्बन पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवतात आणि चिंच तोडावी असं कुणाच्या मनातही येत नाही. चाळीस वर्षांचं वचन द्यायचंच असेल, तर ते अशा झाडाच्या भरवशावर द्यावं. क्रेडिट आले तर वरचे, नाही आले तरी झाड तुमचं. फळबागेला सरकारी अनुदान घेणार असाल तर ते प्रकल्पवाल्यांना आधीच सांगा. झाडं एवीतेवी लागणारच होती असं ठरलं, तर क्रेडिट नाकारले जाऊ शकतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी लिहितो. गावाचं गायरान किंवा माळही प्रकल्पात घालू, असं एजंट म्हणत असेल तर गावाने नकार द्यावा. माळरानाला कागदावर पडीक म्हणतात, पण ते गवताचं स्वतःचं राज्य आहे. त्याच्या मातीत कार्बन आहे, त्यावर धनगरांची मेंढरं जगतात, लांडगे आणि चिंकारा राहतात. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य आहे, ते अशाच माळावर. तिथे ओळीने झाडं लावली की मेंढरं दुसरीकडे जाऊन तिथला पाला ओरबाडतात आणि कार्बनचाही फायदा उरत नाही. व्हेराच्या नियमातही, गेल्या दहा वर्षांत नैसर्गिक परिसंस्था मोडून काढलेली जागा चालत नाही. तुमची बाजरीची मुरमाड जमीन मात्र कसलेली आहे, तिथे ही अडचण येत नाही.

तर या उन्हाळ्यात एवढं करा. एजंटकडून प्रकल्प क्रमांक आणि कराराची मराठी प्रत मागा, तीन हजार देऊ नका. ती प्रत घेऊन तालुक्याच्या ठिकाणच्या वकिलाला एकदा दाखवा, चुलत्यांना सोबत न्या. आणि खड्डे घेण्याआधी, एखाद्या सकाळी, जीपीएस चालू ठेवून साडेतीन एकरांच्या चारी बांधांवरून मोबाईल हातात धरून चाला. आत्ता उभं असलेलं प्रत्येक झाड, बोरीचं झुडूपसुद्धा, तारीख आणि जागा उमटेल असा फोटो काढून ठेवा. पुढे कधीही, कोणाच्याही प्रकल्पात गेलात, तरी जमीन आधी कशी होती हे विचारलं जातंच. खड्डे झाल्यावर ते दाखवायला काही उरत नाही.